हौद्यातलं वजन

१

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे आमचे सरोवर ओलांडायचे दिवस. माझ्या नवऱ्याची, आर्व्हिडची, मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी संपावर गेली. रक्त धुऊन देणारं यंत्र बेटावर नाही, ते पलीकडे गावातल्या दवाखान्यात. एक खेप चुकली की तो सुजतो, दोन चुकल्या की धाप लागते. तीन चुकल्या तर काय, हे आम्ही कधी करून पाहिलं नाही.

उन्हाळ्यात फेरीबोट असते. हिवाळ्यात सुपीरियर सरोवर आमच्या बाजूने गोठतं आणि बर्फावरून अडीच मैलांचा रस्ता होतो. नाताळ उरकला की लोकांनी टाकून दिलेली नाताळची झाडं त्या रस्त्याच्या कडेने रोवतात, म्हणजे वादळातही वाट चुकत नाही. एकसष्ट झाडं. काहींवर चमकीची एखादी दोरी राहिलेली असते.

रस्त्यापेक्षा मोठी कटकट वजनाची. पिकअपचं सगळं ओझं पुढे, इंजिनात. मागे रिकामा उघडा हौदा, टोकाला खाली पाडायचा फाळका, आणि गाडी ढकलायची ती मागच्याच चाकांनी. जरा घसरडा चढ आला की ती जागच्या जागी गरगरतात. म्हणून हौद्यात वाळूची पोती टाकायची. साठ पौंडांची सहा, बरोबर मागच्या चाकांच्या वर, लाकडी चौकटीत आवळून. हे आर्व्हिडने मला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शिकवलं आणि चौतीस वर्षं झाली तरी त्याचं शिकवणं संपलं नव्हतं.

"फाळक्याजवळ ठेवू नकोस, सिल्वी. शेपूट जड झालं की नाक वर होतं. मग चाक कितीही फिरव, गाडी ऐकत नाही."

"म्हणजे तुझ्यावरच गेली की."

पण काठापर्यंत जी पोती तारतात तीच बर्फावर बुडवतात. त्यामुळे दोन्ही काठांवर एकेक खोपट आहे. या काठाला पोती उतरवायची, रिकाम्या हौद्याने सरोवर ओलांडायचं, त्या काठाच्या खोपटातून दुसरी सहा घ्यायची आणि गावचा चढ चढायचा. कुठलं पोतं कुणाचं, हे कुणी विचारत नाही. बर्फावर सीटबेल्ट काढून काचा खाली करायच्या, थंडीने कान गळून पडले तरी. गाडी खाली गेलीच तर बाहेर निघता यायला हवं. मध्ये थांबायचं नाही. आणि बर्फावर काही म्हणजे काही ठेवून यायचं नाही, कारण काळी वस्तू ऊन पिते आणि खालचा बर्फ सडवते. हे नियम आमच्या हाडात मुरलेत.

२

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी माझा खांदा धरला होता. साठ पौंडांचं एक पोतं उचललं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. आर्व्हिडच्या दंडात यंत्राच्या सुयांसाठी शिरा जोडलेल्या, त्याला वजन उचलायची बंदी.

"राहू दे," तो म्हणाला. "तीस इंच बर्फ आहे. लाकडाचे ट्रक जातात त्यावरून."

"नियम तूच सांगतोस ना?"

"नियम पातळ बर्फाचा. चल, दवाखान्यात रोंडा वाट बघत असेल."

मी पोत्यांसकट गाडी बर्फावर घातली. एकतिसाव्या झाडाशी वरचा भुसभुशीत थर खचला. त्याच्याखाली पाणी साचलं होतं आणि मागची चाकं त्यात रुतली. मी उतरले. एक पोतं फोडून वाळू चाकांखाली पसरली, तरी हलेना. मग मागचा भार कमी करायला दोन पोती ओढून खाली टाकली, तेव्हा कुठे गाडी हिसका देऊन सुटली. सुटली ती थांबवायची माझी छाती झाली नाही. आरशात ती दोन पोती शेजारी शेजारी पडलेली दिसत होती.

"येताना उचलू," मी म्हटलं. आर्व्हिड मान वळवून मागे बघत राहिला.

येताना तिथे काही नव्हतं. उकरलेला बर्फ होता, तो पुन्हा गोठला होता. वाळूचा एक कण नाही. काठावर रस्त्याचा राखणदार ड्वेन भेटला. रोज सकाळी बर्फाला भोकं पाडून जाडी मोजणं हे त्याचं काम.

"दोन पोती राहिली होती आमची. तू उचललीस का रे?"

"मी? नाही बुवा. सकाळपासून तुमच्याशिवाय कुणी आलंगेलंच नाही." मग चेहरा गंभीर करून म्हणाला, "सिल्वीकाकू, तुम्ही असं करायला नको होतं हं."

लाजेने माझे कान तापले. बासष्टाव्या वर्षी पोरगेल्या माणसाकडून ऐकून घ्यावं लागलं.

३

सोमवारी मी शहाण्यासारखी सगळी पोती खोपटात उतरवली आणि हौदा रिकामा करून निघाले. रिकामी पिकअप बर्फावर कशी चालते हे मला पाठ आहे. शेपूट डावीकडे जातं, आपण सावरतो, मग उजवीकडे जातं. त्या दिवशी एकतिसाव्या झाडापर्यंत ती तशीच चालली.

नंतर घसरायची थांबली.

ऐकायला चांगलं वाटतं. मलाही आधी चांगलंच वाटलं. टायर बर्फाला धरून चालले होते. पण स्टिअरिंग हलकं लागत होतं, पुढची चाकं जेमतेम टेकल्यासारखी. आणि पहाटेच्या अंधारात हेडलाइट रस्त्यावर नव्हते. ते झाडांच्या शेंड्यांवर पडत होते.

"पोती उतरवलीस ना?" आर्व्हिडने विचारलं.

"उतरवली. तुझ्यासमोर."

"फाळक्याजवळ काहीतरी आहे."

काठाला चाकं लागली तशी गाडी मागून सरळ वर झाली. कुणी मागच्या मागे उतरलं की होते तशी. मी जाऊन पाहिलं. रात्रीचा ताजा बर्फ हौद्यात बोटभर जाडीचा पसरलेला होता. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. थंडीने चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे आखडले असतील, म्हटलं. आठ दिवस तेच घोकत राहिले. वजन मात्र प्रत्येक खेपेला एकतिसाव्या झाडापाशी चढत होतं आणि काठाला उतरत होतं.

४

गावात जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. त्यांच्याकडे गाडीसकट मोजायचा काटा आहे. एका बुधवारी आर्व्हिड यंत्रावर असताना मी तिथे गेले. वाळूच्या सहा पोत्यांचं वजा केलं तर रिकाम्या पिकअपचं वजन जेवढं भरायला हवं तेवढंच भरलं, पौंडाचाही फरक नाही.

"पोत्यांखेरीज हौद्यात काही ठेवलंय का?" काट्यावरच्या माणसाने विचारलं.

"तेच बघायला आले होते," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

दवाखान्यातही काटा असतो. यंत्रावर घालण्याआधी आणि नंतर माणसाला मोजतात, म्हणजे दोन दिवसांत अंगात साचलेलं पाणी किती निघालं ते कळतं. तिथे किलोत मोजतात. आर्व्हिड नेहमी आत जाताना चौऱ्याऐंशीच्या आसपास भरायचा, बाहेर पडताना एक्क्याऐंशी. त्या दिवशी आत जातानाच अठ्ठ्याहत्तर.

रोंडा परिचारिका मोठ्या तोंडाची आणि मोठ्या मनाची. "काय हो आर्व्हिड, बायको उपाशी ठेवते वाटतं?"

"हिच्या हातचं खाण्यापेक्षा उपास बरा."

आम्ही तिघंही हसलो. पण मी त्याला रोज जेवताना पाहत होते. हरणाचं मटण, बटाटे, दोन दोन वेलचीचे पाव. कंबरेचा पट्टाही त्याच भोकात होता. माणूस दिसायला तेवढाच आणि सहा किलो गेले कुठे?

परतताना एकतिसाव्या झाडाशी हौद्यात वजन बसलं, आणि या वेळी ते फाळक्याजवळ नव्हतं. स्टिअरिंग हातात घट्ट होतं, मागची चाकं बर्फ चावत चालली होती. ते सरकून बरोबर चाकांच्या वर आलं होतं.

"आता कसं," आर्व्हिड समाधानाने म्हणाला. "आता ठेवलंस जागच्या जागी."

मी काहीच ठेवलेलं नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो समोर बघत होता, काच खाली, टोपी मांडीवर, आणि उणे वीसच्या वाऱ्यात त्याचे कान जरासुद्धा लाल झाले नव्हते.

५

मार्चपर्यंत मी चार गोष्टी करून पाहिल्या. हौद्यावर ताडपत्री आवळली. वजन ताडपत्रीखाली आलं. फाळका काढून ठेवला, तरी आलं. एकतिसाव्या झाडाला लांब वळसा घातला. मग ते तिसाव्यालाच बसलं. पाद्रीबाबांना सांगायला गेले आणि दारातून चर्चच्या छपराबद्दल बोलून परत आले.

वजन पुढे पुढे येत होतं. आता ते आमच्या पाठीशी, केबिनच्या मागच्या काचेला लागून असायचं. गाडी बर्फावरून जाताना खालून लांबलचक कण्हणं ऐकू यायचं. बर्फ नेहमीच बोलतो, पण एरवी तो पुढे बोलतो, आपल्या वाटेवर. हा आवाज मागून यायचा, आमच्या मागोमाग.

आणि आर्व्हिड हलका होत होता. चौसष्ट. सत्तावन्न. एकोणपन्नास. रोंडाने काटा बदलला, स्वतः त्यावर उभी राहिली, काटा बरोबर होता. डॉक्टरांनी तपासण्यांची माळ लावली, काही सापडलं नाही. तब्येत तर उलट सुधारत होती. पूर्वी तहानेने तो बर्फाचे खडे चघळत बसायचा. आता मागत नव्हता. अंगणात चालला की बर्फावर त्याच्या बुटांचे ठसे माझ्या मांजराइतके उथळ उमटायचे.

आमच्या पिकअपमध्ये शेजारची सीट रिकामी असली की पुढे एक पिवळा दिवा लागतो. लहान मूल बसवलं तरी लागतो. मार्चच्या दुसऱ्या बुधवारी आर्व्हिड चढून बसला, दार लावलं आणि दिवा पेटला.

"बिघडला असेल," तो म्हणाला.

"हो, बिघडलाच असेल."

त्याच दिवशी ड्वेनने काठावर पाटी लावली: रस्ता शुक्रवारी सूर्यास्ताला बंद. "बारा इंच उरलाय, काकू, आणि तोही सडका. पातळ बर्फावर चालणारी ती पंख्याची घसरगाडी सोमवारी दुरुस्त होऊन येतेय. शुक्रवार चुकवता येणार नाही का?"

"तुझ्या बापाला सांगितलं असतंस का चुकवायला?"

त्याने पाटीवरचा बर्फ झटकला. मग म्हणाला, "रिकामी आणा बरं गाडी. पाण्याची बाटलीसुद्धा नको."

६

शुक्रवारी काट्यावर एकतीस किलो भरले. सहा फूट उंचीचा माणूस. रोंडा हसली नाही. तिने वहीत आकडा लिहिला, खोडला आणि मागच्या खेपेचा लिहिला.

मी गावातल्या मोटेलात सोमवारपर्यंत खोली घेतली. दवाखान्याशी परत आले तर आर्व्हिड पिकअपमध्ये बसून होता.

"घरी चल."

"बर्फ धड नाही, आर्व्हिड. दोनतीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"घरी चल, सिल्वी." आवाज त्याचाच होता. पण चौतीस वर्षांत त्याने मला असा हुकूम सोडला नव्हता. तासभर मी त्याच्या दाराशी उभी राहून विनवण्या केल्या. तो समोर बघत बसला. सूर्य कलायला लागला तशी मी हरले. माणूस माझा होता, त्याला एकटा सोडून मी कुठे जाणार?

काठाला पोती उतरवली, बेल्ट काढले, काचा खाली केल्या. पिवळा दिवा पेटलेला. बर्फावर वरून पाणी होतं आणि त्यात मावळतीचा तांबडा उजेड. वीस झाडं मागे गेली, पंचवीस, तीस.

ते बसलं. पाटे करकरले. अख्खी गाडी खाली दबली आणि खालून असा आवाज आला की माझ्या दातांत शिरला. बर्फ दबत होता. दोन्ही बाजूंनी पाणी चाकांकडे धावत येताना दिसत होतं.

"थांबव," शेजारून आर्व्हिड म्हणाला. शांतपणे. "थांबव आणि फाळका पाड. सरकून पडेल ते. मग हलक्याने जाऊ."

"मध्ये थांबायचं नसतं."

"बुडशील. फार वजन झालंय."

खरं होतं ते. पाय ब्रेककडे गेलाही. पण मी आधी आरशात पाहिलं. तोवर महिना-दीड महिना मी त्या आरशात बघायचं टाळलं होतं.

मागच्या काचेला पाठ टेकून कुणीतरी बसलं होतं. तोंड मागे, मान खाली. आरशात मावली ती नुसती मान आणि डोक्याचा मागचा भाग. बाकी काही दिसलं नाही, पण बाकीची गरजही नव्हती. ते केस मीच कापलेले होते. चौतीस वर्षं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून ती मान मीच भादरतेय. डाव्या कानामागे कात्री नेहमी चुकते तो आखूड पट्टा, त्याच्याखालची सुरकुती, सगळं ओळखीचं. ओल्या केसांवर बर्फाचे कण होते आणि ते वितळत नव्हते.

"पाडतेस ना?" शेजारचा म्हणाला.

मी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. पाय ब्रेकवरून उचलला आणि अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला. बर्फ मागे मागे फुटत होता, मी मागे पाहत नव्हते. सारखं बडबडत होते, "धरून बस रे, आर्व्हिड, धरून बस." शेजारचा म्हणाला, "बसलोय की." मी त्याच्याशी बोलत नव्हते.

काठाला चाकं लागली. दर वेळी तिथे वजन उतरायचं. या वेळी ते उतरलं नाही. मी खोपटाशी थांबलेच नाही, एकही पोतं न घेता सरळ आमच्या टेकडीच्या चढाला लागले. रिकामी पिकअप त्या उघड्या बर्फाळ चढावर कधी टिकलेली नाही. ती एकदाही न घसरता वर चढली.

७

मे लागला. फेरीबोट सुरू झालीय.

घरात आर्व्हिड आहे. जेवतो, लाकडं फोडतो, जिना धावत चढतो. दवाखान्यात आता तो एक्क्याऐंशी पूर्णांक चार भरतो, आधीही आणि नंतरही, दर खेपेला तेवढाच. यंत्राला त्याच्या अंगातून काढायला काही मिळत नाही. डॉक्टर म्हणाले, लाखात एखाद्याची मूत्रपिंडं अशी पुन्हा कामाला लागतात. पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही. चर्चमधल्या बायका केक घेऊन आल्या. "सिल्वी, देव पावला गं तुला," म्हणाल्या. मी डोळे पुसले. त्यांना वाटलं आनंदाचे.

पिकअप अंगणात उभी आहे. हौद्यात काही नाही आणि पाटे सपाट बसलेत. मी ती चालवत नाही. कोण जाणे, चाकं फिरली की काय होईल. पण रोज संध्याकाळी तासभर केबिनमध्ये जाऊन बसते आणि दिवसभराच्या गोष्टी सांगते. बोट किती वाजता आली, लसणाला कोंब आले, ड्वेनला मुलगी झाली. मागे वळून बघत नाही. माझी छाती नाही तेवढी. अंगावर काटा येतो आणि तरी जाते. दुसरं काय करणार? त्याला असा बाहेर बसवून ठेवलाय आणि आत घेता येत नाही.

परवा घरातला म्हणाला, "ती गाडी काढून टाकू. गिऱ्हाईक बघितलंय मी."

"बघू उद्या," मी म्हटलं. काल पुन्हा उद्या म्हटलं. आज दुपारी मात्र तो बादली आणि झाडू घेऊन पायऱ्या उतरला. "गिऱ्हाईक पाचच्या बोटीने येतंय. फाळका पाडून हौदा धुऊन ठेवतो."

मी त्याच्या आधी धावले. आत शिरून दारं लावली, काचा वर घेतल्या. फाळक्याला मी एप्रिलमध्येच कुलूप घातलंय. किल्ली माझ्या मुठीत आहे आणि हे मी गाडीच्या कागदांबरोबरच्या वहीत लिहितेय, कारण दुसरं करण्यासारखं काही नाही. बेट पाच मैलांचं. कुठेही गेले तरी पाण्याशीच थांबणार.

तो दारावरून मागे गेला. खडीवर त्याची पावलं आता चांगली जड वाजतात. कडी हलवली, एकदा, दोनदा.

"सिल्वी, किल्ली दे."

मी लिहीत राहिले.

"सिल्वी. तिथे काही नाहीये. आतापर्यंत असतं का काही?"

तो उभा आहे. बोट लागल्याचा भोंगा आत्ताच वाजला. मी डोकं मागे काचेला टेकवलं, घटकाभर डोळे मिटावेत म्हणून.

काचेच्या पलीकडून कुणीतरी, सावकाश, आपलं डोकं टेकवलं.